उत्तर येईपर्यंत दारातच

डिसेंबर लागला की आमच्या केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कापसाच्या दाढ्या उगवायला लागतात. या शाळेचा सांताक्लॉज, त्या शाळेचा सांताक्लॉज. कुठे लाल टोपी, कुठे टोपी मिळाली नाही म्हणून कुणाच्या तरी बहिणीचा लाल स्वेटर डोक्याला गुंडाळलेला. खाली ओळ ठरलेली: सणांतून इंग्रजी, उपक्रम उत्साहात संपन्न. मुलं ओळीने उभी, हातात एकेक चॉकलेट, आणि फोटो कधी संपतो नि चॉकलेट कधी सोलता येतं एवढंच चेहऱ्यावर. या सगळ्यात इंग्रजी किती आणि कापूस किती, असं मी एकदा बैठकीत विचारलं होतं. तेव्हापासून केंद्राच्या बैठकीला माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामीच असते.

मी तिसरी-चौथीला शिकवते. नेवासा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता. घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी हजेरी निम्मी, कारण घरची गाय विकायला काढली तर तिला पोचवायला सगळं घर जातं. मला स्वतःला लहानपणी इंग्रजीची भीती वाटायची. पाठ करून पास झाले, नोकरी लागली आणि मग मुलांच्या बरोबरीने खरं शिकले. त्यामुळे असेल, पण पुस्तकातलं इंग्रजी मुलांच्या जिभेवर बसत नाही, घरातलं बसतं, यावर माझा भारी विश्वास. मांजर चटईवर बसलं आहे हे वाक्य माझी मुलं घोकतील, पण त्यांच्या घरी मांजराला चटईवर कोण बसू देतंय? त्यापेक्षा मांजराने दूध सांडलं हे शिकवा, जन्मभर विसरणार नाहीत.

आणि नाताळ तर आमच्या गावात घरातलाच सण. देवळाच्या मागे, ओढ्याच्या कडेने ख्रिस्ती घरांची एक गल्ली आहे, गल्लीच्या टोकाला लहानसं दगडी चर्च. नाताळ जवळ आला की गल्लीतून तळणाचा वास सुटतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या. दिवाळीला आमची ताटं तिकडे जातात, नाताळाला तिकडची इकडे येतात. दिवाळीचा फराळ तोवर संपलेला असतो, म्हणून मुलांना हा फराळ जास्तच गोड लागतो. घराघरावर बांबूला तारा चढतो, कामट्यांचा आणि रंगीत कागदाचा, आत बल्ब. संध्याकाळी चर्चमधली गाणारी मंडळी ढोलकी-टाळ घेऊन एकेका दारात थांबतात, गातात, आत जाऊन चहा-फराळ घेतात आणि पुढच्या दाराला जातात. ज्याच्या दारात मंडळी थांबली त्याचा नाताळ सुरू झाला, असा हिशेब.

माझ्या वर्गात त्या गल्लीतली एकच मुलगी. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही अशी. आदल्या वर्षी तिसरीत असताना तिने पुढे येऊन अख्ख्या वर्गाला नाताळ समजावून सांगितला होता. तारा कसा बांधायचा, जिलेटीनचा कागद कुठून आणायचा, पप्पा बांबूवर चढले की खालून कोण ओरडतं, सगळं. घंटा झाली तरी तिचं संपेना. मी ठरवलं होतं की पुढच्या वर्षी हेच हिच्याकडून इंग्रजीत काढून घ्यायचं.

पण उन्हाळ्यात तिचे पप्पा गेले. टेम्पो चालवायचे. श्रीरामपूरला कांदा पोचवून येताना रस्त्यात अपघात झाला. घरात आता आजोबा, आई आणि ही. जूनला शाळा उघडली तेव्हा मुलगी पहिल्यासारखीच वेळेवर आली, पहिल्यासारखीच पुढच्या रांगेत बसली, फक्त बोलायची थांबली. विचारलेल्याला उत्तर द्यायची, तेवढंच. मला फार वाईट वाटायचं. बडबड्या मुलांना मी दिवसातून दहा वेळा गप्प करते, पण हिने एकदा वर्गात कुणाची तरी चहाडी करावी म्हणून मी वाट पाहत होते.

त्यामुळे नाताळ वर्गात घ्यावा की नाही, मी घोळत राहिले. शेवटी मधल्या सुट्टीत तिलाच जवळ बोलावून विचारलं.

"घ्या की, मॅडम," ती म्हणाली. "वर्गात तरी होऊ द्या."

"म्हणजे? घरी नाही?"

"आजोबा म्हनले, औंदा तारा न्हाई. गानाऱ्यांना बी सांगून टाकलंय त्यांनी, आमच्या दारात थांबू नका म्हनून." मग फ्रॉकचा काठ बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "मॅडम, ते खरंच पुढं निघून जातील?"

ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असतं त्या घरात सण करत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांचंच. कढई चढत नाही, तोरण लागत नाही. धर्म कुठला का असेना, गाव एकच आहे. आजोबांचं काही चुकत नव्हतं. पण नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या दारावरून ढोलकी पुढे जाताना ऐकावी लागणार होती, आणि तीही आतून, हे काही मला सहन होईना.

मग वर्गात नाताळ सुरू केला, आणि खरं सांगते, माझ्या नोकरीत इंग्रजी इतकं सोपं कधी गेलं नव्हतं. मेंजर म्हणजे गव्हाण. फळ्यावर चित्र काढायचीही गरज पडली नाही, शाळेच्या भिंतीपलीकडच्या गोठ्यात गव्हाण होती, सगळी मुलं खिडकीला लटकून पाहून आली. गव्हाणीतलं इंग्रजी 'हे' म्हणजे कडबा. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, तर दिवाळीनंतर आमच्या रानात मेंढरं बसलेलीच असतात. बाळ गव्हाणीत का ठेवलं यावर एका मुलाने सांगितलं की, उबेला. आमच्याकडे शेळीचं करडूही तसंच ठेवतात. गिफ्ट म्हणजे आहेर हेही एका दमात कळलं. अडलं ते सांताक्लॉजपाशी. रात्री कुणी तरी अनोळखी माणूस न विचारता घरात येतो आणि वस्तू ठेवून जातो, हे मुलांना पटेना.

"कुत्रं भुंकत न्हाई का त्याला?" गिरणीवाल्या बाईंच्या मुलीने विचारलं. ही आमच्या वर्गातली ठसकेबाज. हिची आई गावातली पिठाची गिरणी चालवते, त्यामुळे गावातली प्रत्येक बातमी हिच्या घरी दळण होऊनच बाहेर पडते.

"आनि इचारत न्हाई का, येऊ का म्हनून?" तिचंच पुढे.

म्हटलं, चला, हाच आपला पाठ. सांताला ठेवलं बाजूला आणि वर्गाचं दार म्हणजे घराचं दार केलं. चार-चार मुलं बाहेर, एक मूल आत. बाहेरच्यांनी म्हणायचं, मेरी ख्रिसमस, मे वी कम इन? आतल्याने म्हणायचं, कम इन, प्लीज सिट डाऊन, प्लीज हॅव सम करंजी. हे मुलांना फार मजेशीर वाटलं, कारण आमच्या गावात दारात उभं राहून कुणी कधी परवानगी मागत नाही. "हायत का घरात?" हे वाक्य आपण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचल्यावर म्हणतो. मुलं मे वी कम इन म्हणत म्हणत थेट आत घुसायची. मी दरडावून बाहेर काढायचे. इंग्रजीत विचारलं की थांबायचं. उत्तर येईपर्यंत पाय आत टाकायचा नाही. उत्तर नाही आलं तर? तर पुन्हा विचारायचं, पण दारातच उभं राहायचं. हे मी इतक्या वेळा घोटून घेतलं की मुलं मधल्या सुट्टीत शौचालयाच्या दारातही मे वी कम इन म्हणायला लागली.

मग त्या मुलीची आत उभं राहायची पाळी आली. मी मुद्दाम तिला शेवटी ठेवलं होतं. बाहेर गिरणीवाल्यांची मुलगी आणि आणखी तिघं.

"मेरी ख्रिसमस! मे वी कम इन?"

ती गप्प. मला वाटलं, वाक्य विसरली. मी ओठांनी कम इन दाखवलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. दाराकडे बघत म्हणाली, "नो. नॉट धिस इयर."

धिस इयर, लास्ट इयर मी आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. इतकं बरोबर, इतकं स्वतःचं इंग्रजी वाक्य माझ्या वर्गात तोवर कुणी बोललं नव्हतं. 

बाहेरची मुलंही गोंधळली, कारण या उत्तराची तालीम झाली नव्हती. पण शिस्त अशी की कुणीही आत आलं नाही. तिथूनच, दाराच्या बाहेरून, गिरणीवाल्यांची मुलगी मराठीत म्हणाली, "आसं नसतं ग. दुखवट्याच्या घरानं करायचं नसतं, दुसऱ्यांनी आनायचं असतं. आमची आजी वारली तवा दिवाळीला आमच्यात कढई चढली नव्हती, तर तुमच्याच घरून करंज्या आल्या व्हत्या. तुजे पप्पाच आलते घिऊन."

ते खरं होतं. कढई चढत नाही त्या घरी शेजाऱ्यांची ताटं जातात, ही त्याच रीतीची दुसरी बाजू. मला चाळीस वर्षं माहीत असलेली गोष्ट मला आठवली नव्हती आणि ती दहा वर्षांच्या पोरीने दारात उभं राहून सांगितली. मी फळ्यावर दोन नवी वाक्यं लिहिली. वी विल ब्रिंग इट. यू सिट. सगळा वर्ग ओरडून ओरडून म्हणायला लागला, यू सिट, यू सिट! आणि त्या मुलीच्या तोंडावर पहिल्यांदा जरासं हसू आलं.

पण वर्गातल्या दाराचं एक आणि घराच्या दाराचं दुसरं. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. आजोबा दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. उन्हाळ्यापासून ते तिथेच बसतात, अगदी दारात, खुर्चीचे दोन पाय उंबऱ्याला टेकवून, म्हणजे आत जाणाऱ्याला अंग चोरूनच जावं लागतं. भेटायला येणारे बाहेरच्या बाहेर बोलून जातात.

"सलाम, बाई," ते त्यांच्या ख्रिस्ती रीतीने म्हणाले. सुनेने बाहेर मला चहा आणून दिला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराआड जाऊन उभी राहिली. सासऱ्यांच्या पुढे ती बोलत नाही. गावातल्या बऱ्याच घरांत अजून तसंच आहे.

मी सांगितलं की नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी वर्गातली मुलं ताटं घेऊन येतील, तुम्ही काही करायचं नाही, मुलं थोडं इंग्रजी बोलतील, बसतील, जातील.

"औंदा काय न्हाई, बाई," ते म्हणाले.

"तुम्ही नाहीच करायचं, बाबा. मुलं आणतील."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोरगा न्हाई घरात आनि दारात गानं? कसं वाटंल?"

मी चहा संपवला. निघताना पुन्हा विचारलं, "मग येऊ देत ना मुलं?" त्यावर ते नुसतं "हं" म्हणाले. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाचं हं म्हणजे हो असतं, नाही असतं, आणि आता तुम्ही उठा असंही असतं. मी ते हो असं धरलं. माझा स्वभाव तसा आहे, मला दुसरं काही धरता आलं नसतं.

बातमी गिरणीवर पोचली. दळणाच्या रांगेत बायकांनी सगळं आपसात ठरवून टाकलं. कुणी शंकरपाळे, कुणी चकल्या, कुणी बेसनाचे लाडू. एकीने शंका काढली की ख्रिस्ती लोकांत हे चालतं का. गिरणीवाल्या बाई पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "दुखवटा म्हंजी दुखवटा. त्यात काय येगळं आसतंय व्हय?" आणि विषय संपला. हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने सगळ्या हावभावांसकट करून दाखवलं.

ठरल्या दिवशी ती मुलगी मधल्या सुट्टीतच घरी गेली, कारण आतून कम इन म्हणणारी घरमालकीण तीच होती. बाकीचा वर्ग ताटांवर रुमाल टाकून पटांगणात जमला. मी एकेकाचा रुमाल उचलून पाहत होते. गिरणीवाल्यांच्या मुलीचं ताट पाहिलं आणि रुमाल तसाच हातात धरून थांबले. करंज्यांच्या शेजारी घडी घातलेला नवा टॉवेल आणि त्यावर पांढरी टोपी.

टॉवेल-टोपी आमच्याकडे सत्काराला देतात, लग्नात देतात. पण दुखवट्याच्या घरात दिलेल्या टोपीचा अर्थ वेगळा. ती सोयऱ्याने आणायची असते, घरच्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर ठेवायची असते, आणि ती डोक्यावर आली की दुखवटा फिटला, आता या घराने सणवार करायला हरकत नाही. गिरणीवाल्या बाई त्या घराच्या भावकीतल्या नाहीत, सोयऱ्यांतल्या नाहीत, त्यांच्या चर्चच्याही नाहीत. त्यांना तो अधिकार कुणी दिला? मन चांगलं आहे म्हणून काय कुणाचाही दुखवटा काढायचा?

"हे राहू दे इथेच," मी म्हटलं.

मुलीने ताट छातीशी धरलं. "आई म्हनली, आजोबांच्याच हातात द्यायचं. मागं आनलं तर घरात घेनार न्हाई म्हनली."

मी तिच्यावर चिडले, आणि मग इतर मुलं बघतात म्हणून गप्प बसले. टोपीवर रुमाल नीट ओढून घेतला आणि निघालो.

गल्लीत बाकीच्या घरांवर तारे लागले होते. दुपारचं ऊन त्यांच्या कागदातून अंगणात लाल-हिरवं पडलं होतं. या एका घरावर नुसता बांबू. आजोबा त्यांच्या खुर्चीवर, दारात. त्यांच्या मागे, आतल्या अंधारात ती मुलगी, तेल लावून चापूनचोपून वेणी घातलेली, अंगात गेल्या नाताळातला फ्रॉक. हात मागे बांधून उभी होती, परीक्षेला उभं राहावं तशी.

मुलं दारापासून हातभर अंतरावर थांबली. गिरणीवाल्यांची मुलगी सगळ्यात पुढे, अर्थातच. चालताना रुमाल सरकला होता आणि टोपी उघडी पडली होती.

"मेरी ख्रिसमस! मे वी कम इन?"

सगळ्यांचा एकदम आवाज. शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या.

आजोबांची नजर ताटांवरून फिरली आणि टोपीवर थांबली. "टोपी कोनी दिली ही?"

"आईनं."

आजोबांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. नात मागून त्यांच्या मानेकडे बघत होती. तिचं तोंड उघडलं, मिटलं. वाक्य तिच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. पण आजोबा दारात बसलेले असताना तिला ते म्हणता येईना.

मुलांना शिकवलं होतं की उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं. त्यांनी पुन्हा विचारलं. मे वी कम इन? या वेळी आवाज जरा कमी. आपल्या नेहमीच्या पद्धतीने मुलं धडाधड आत घुसली असती तर आतापर्यंत आजोबांना खुर्ची सरकवावीच लागली असती, कुणाला हो म्हणावं लागलं नसतं की नाही म्हणावं लागलं नसतं. पण ही इंग्रजी शिकलेली मुलं. उन्हात, जड ताटं घेऊन, पाय न हलवता उभी. "अहो बाबा, सरका की, लेकरं आलीत," हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. मी ओठ मिटून धरले. दार माझं नव्हतं. मनात एकच, की आता हे नाही म्हणाले तर ती पोर पुन्हा तोंड उघडणार नाही.

तिसऱ्यांदा एकट्या गिरणीवाल्यांच्या मुलीनेच विचारलं. तिलाही आता रडू येत होतं. "मे वी कम इन?"

"कम इन."

आवाज नातीचा नव्हता. आतून, स्वयंपाकघराच्या बाजूने आला होता. पाठोपाठ तिची आई पुढे आली. डोक्यावर पदर होता, पण मान खाली नव्हती. मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सासऱ्यांच्या डोक्यावरून, रस्त्यावरच्या मुलांकडे बघत पुन्हा म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "प्लीज. कम इन."

आजोबांनी वळून सुनेकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नाही. पण काय विचारलं गेलं आणि काय उत्तर गेलं हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं. सून हलली नाही. मग ते गुडघ्यांवर हात देत उठले, खुर्ची स्वतः उचलली आणि भिंतीकडेला नेऊन ठेवली. दार सगळं मोकळं झालं.

पुढे सगळा गोंधळच झाला. आत बसायला जागा पुरेना. प्लीज सिट डाऊन कुणी कुणाला म्हणायचं याचं भान राहिलं नाही, मुलीने चारदा म्हटलं, मुलांनीही तिला म्हटलं, एकाने आजोबांनाच यू सिट म्हणून खाली बसवलं. गिरणीवाल्यांच्या मुलीने टोपी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, बोटांनी घडी चाचपली, डोक्यावर ठेवली नाही.

"तुज्या आयला सांग, पोचली म्हनावं," ते म्हणाले. "वरीस झालं की घालीन. तिनं दिलेलीच घालीन."

एक करंजी त्यांनी खाल्ली. खाताना रडले. लपवलं नाही, आम्हीही दुसरीकडे बघितलं नाही. नात त्यांच्या मांडीला चिकटून बसली होती. तिने हळूच विचारलं, "आजोबा, संध्याकाळी मंडळी आली तर?"

"आली तर येऊ दे," ते म्हणाले.

मंडळी थांबली. ढोलकी न वाजवता, नुसत्या टाळांवर एक गाणं म्हणाली आणि आत जाऊन आमच्या मुलांनी नेलेला फराळ खाऊन पुढे गेली. हे मला सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा त्या मुलीने सांगितलं. कोण पुढे होतं, कुणाचा आवाज चिरकला, कुणी किती लाडू खाल्ले, पहिला तास संपला तरी तिचं संपेना. मी तिला थांबवलं नाही. दुसरा तास गणिताचा होता, तो गेला.

त्याच दुपारी तिची आई ताटं परत करायला शाळेत आली. घासून लख्ख केलेली ताटं, आणि रिकामं ताट परत देत नाहीत म्हणून प्रत्येकात मूठभर साखर. तळण करायचं नव्हतं, म्हणून साखर. मी तिला वर्गाबाहेरच्या पायरीवर बसवलं आणि विचारलं की इंग्रजी कुठे शिकलीस.

"पोरगी शिकिवती," ती म्हणाली. "भाकरी थापाया बसले की ही जाती मागच्या दारात अन् उभी ऱ्हाती. मे वी कम इन म्हनती. मी कम इन म्हनल्याबिगर आतच येत न्हाई. भाकरी करपली तरी येत न्हाई."

"म्हणून त्या दिवशी आपोआप निघालं तोंडातून?"

"न्हाई, मॅडम." तिने पदराचं टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळलं. "आपोआप कशाचं? लई येळ इचार करत हुते आत. मराठीत 'या' म्हनायचं ते मामांनी, घरच्या मोठ्यानं. मी म्हनलं तर सासऱ्यापुढं बोलली असं झालं असतं. नवरा असता तर त्यानं म्हनलं असतं. आता माज्याकडं म्हनाया पोरीचं एवढं इंग्रजीच हुतं."

मी तिच्या हातातली ताटं घेतली. ती उठली, दोन पायऱ्या उतरली आणि परत वळली.

"मॅडम, आता पुढं काय शिकिवनार हाय?"